दाण्याच्या कुटाशिवायचे घर

मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचे निदान झाल्यावर घरातून अख्खे दाणे लगेच गेले, पण खरी अडचण त्यांची नव्हतीच. अख्खा दाणा दिसतो आणि मूल तो टाळायला लवकर शिकते. मराठी स्वयंपाकात दाणा वावरतो तो कुटाच्या रूपाने, म्हणजे काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यांत, गवारीच्या भाजीत आणि संक्रांतीला तिळाच्या लाडवातही. "दाणे आहेत का?" असे विचारले की "छे, नुसते चमचाभर कूट आहे" असे उत्तर मिळते, म्हणून आता मी थेट कुटाविषयीच विचारते. उपासाच्या दिवशी तर खिचडीपासून दाण्याच्या आमटीपर्यंत सगळीकडे तेच असल्यामुळे एकादशीला तिचे जेवण घरूनच न्यावे लागते.

मिक्सरच्या झाकणाच्या रबरी रिंगखाली कूट अडकून राहते, त्यामुळे तिच्या चटणीचे भांडे वेगळे ठेवले आहे. हाताला लागलेला अंश साबण-पाण्याने जातो, सॅनिटायझरने जात नाही. हल्ली कौतुकाच्या झालेल्या लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिने उरतात आणि ॲलर्जी त्या प्रथिनांचीच असते, म्हणून तेही आमच्याकडे वर्ज्य आहे.

"थोडे थोडे भरवून सवय लावा" हा सल्ला मात्र मला धोकादायक वाटतो. लंडनमधल्या ज्या संशोधनाचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले, त्यात जास्त जोखमीच्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला सुरुवात केल्यास पुढे ॲलर्जी होण्याचे प्रमाण खूप घटते असे दिसले, हे खरे. पण तो ॲलर्जी टाळण्याचा उपाय होता, झालेल्या ॲलर्जीवर घरी करायचा प्रयोग नव्हे.

अंगावर नुसत्या गांधी उठल्या तर डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे औषध चालते, पण श्वास घेताना घरघर, आवाजात बदल किंवा अंगावरच्या गांधींबरोबर वारंवार उलट्या असे काही दिसले, तर ते औषध पुरेसे नसते; तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन द्यावे लागते आणि मुलाला आडवे ठेवून, श्वासाला त्रास असेल तर बसते ठेवून, रुग्णालय गाठावे लागते. लक्षणे काही तासांनी परत उलटू शकतात, म्हणून बरे वाटले तरी तिथे थांबायचे असते. ऑटो-इंजेक्टर, म्हणजे ठरलेली मात्रा भरलेले पेनासारखे तयार इंजेक्शन, आपल्याकडे सहजी मिळत नसल्याने डॉक्टरांनी ॲम्प्युल (औषधाची छोटी काचेची कुपी), सिरिंज आणि तिच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिली व आम्हांला प्रत्यक्ष शिकवले. तशीच एक पिशवी तिच्या वर्गशिक्षिकांच्या टेबलाच्या खणात आहे, आणि त्या खणाला कुलूप लावायचे नाही असे शाळेशी ठरले आहे.