बास गेला कुठे?

दोन वूफर (बासचे, म्हणजे जाड आवाजाचे स्पीकर) जोडले, आवाज आला पण बास गायब, तासभर अॅम्प्लिफायरला शिव्या घातल्या आणि मग कळलं की एकाची प्लस-मायनस वायर मीच उलटी सोल्डर केलीय, म्हणजे एकाचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर येतोय तेव्हा दुसऱ्याचा आत जातोय आणि बास एकमेकांत रद्द होतोय. आता आधी १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघतो, कोन बाहेर उचलला की सेलच्या प्लसकडचं टर्मिनल ते प्लस. दोन्ही ८ ओहमचे, पॅरलल केले की ४ होतात, अॅम्प्लिफायरला झेपतंय का बघून घ्या. ट्वीटरला (बारीक, उंच आवाजाचा स्पीकर) सिरीजमध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकलाय, ८ ओहमला साधारण ४२०० हर्ट्झच्या खालचं हळूहळू कापतो. नॉन-पोलरच (प्लस-मायनस नसलेला) घ्या हं, साधा इलेक्ट्रोलिटिक नको. वूफरला उंच आवाज अडवणारी कॉइल अजून गुंडाळायचीय, कंटाळा.