तुम्ही विचारलंत म्हणून: दर वेळी फायटरच का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, कथेतलं पात्र होऊन खेळायच्या खेळात मी नेहमी फायटर, म्हणजे शस्त्राने लढणारा योद्धा घेतो. त्यावर हा प्रश्न मला दोन तोंडांनी येतो. नवखे म्हणतात, "एवढा बलदंड योद्धा घेतलास, जिंकणार हे ठरलेलंच. मग मजा कसली?" मुरलेले खेळाडू म्हणतात, "मंत्र टाकणारा विझार्ड सोडून फायटर? दर टर्नला 'मारतो' म्हणायचं आणि फासा टाकायचा!"

मुरलेल्यांची तक्रार जुनी आहे आणि पुष्कळशी खरीही. 1974 साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं तेव्हा त्यात तीनच क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार होते: फायटिंग मॅन, मॅजिक युजर आणि क्लेरिक (धर्मगुरू). तलवार आणि मंत्र यांची तुलना तेव्हापासूनची. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत फायटरला पाचव्या लेव्हलला दोन वार मिळतात, अकराव्याला तीन आणि चौथ्यासाठी थेट विसावी लेव्हल गाठावी लागते. विझार्ड सतराव्यालाच हवं ते मागता येणारा 'विश' मंत्र म्हणून मोकळा होतो. हिशेब मांडला तर मी हरलो.

पण टेबलावर हिशेब एकट्याचा नसतो. विझार्डचे बरेचसे चांगले मंत्र कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे त्याचं लक्ष एकाग्र असेपर्यंतच टिकतात. त्याला फटका बसला की सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा आला, तो हुकला की मंत्र गेला. म्हणून मी दारात उभा राहतो. माझ्याजवळून कुणी निसटू पाहिलं तर ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे माझा आयता वार, आणि 'सेंटिनेल' हे फीट (पात्राने घेतलेलं खास कसब) असेल तर तो वार लागताच गडी जागेवर खिळतो. मात्र अशी रिअॅक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायची कृती, राउंडला (सगळ्यांच्या एका फेरीत) एकच, त्यामुळे हे अरुंद बोळात जमतं. उघड्या मैदानात दुसरा शत्रू खुशाल पुढे जातो. कुठे उभं राहायचं, हाच फायटरचा खरा डाव. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत तर फायटर शत्रूला 'मार्क' करायचा. मला सोडून दुसऱ्यावर हात टाकलास तर नेम बिघडणार, वर माझा वारही खाशील! त्या आवृत्तीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. फायटरच्या बाबतीत मी त्यांचं ऐकत नाही.

आता नवख्यांचं. एक तर योद्धा वाटतो तितका अभेद्य नसतो. त्याचे पक्के सेव्ह स्ट्रेंग्थ (ताकद) आणि कॉन्स्टिट्यूशनचे (काटकपणा). माणसाला जागीच खिळवणारा 'होल्ड पर्सन' मंत्र विझ्डमवर (मनाच्या शहाणपणावर) येतो, आणि खिळलेल्या माणसाला जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे जबर. चिलखत काय करणार तिथे?

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तलवार टाकून गुडघे टेकलेल्या शत्रूला दुबळं पात्र सोडत नाही. त्याला भीती असते, आणि ती रास्तही असते. माझ्या पात्राला ती सबब नाही. त्याने मारलं तर मारायचं होतं म्हणून मारलं. सोडलं तरी तेच. गावकरी दबकून बोलू लागले की त्याच्या लक्षात येतं, आपण मदतीला आलोय की धाक घालायला, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही. असे प्रसंग मला विझार्ड खेळताना क्वचितच मिळाले.

त्यासाठी डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, शत्रूंना पळायची आणि शरण यायची मुभा द्यायला हवी. सगळेच जर शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढणार असतील, तर खुशाल विझार्ड घ्या.