काका घाबरले नव्हते

नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा म्हणजे मालवणात आम्हा स्कूबा डायव्हिंगवाल्यांची, पाठीला हवेची टाकी लावून पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्यांची सुगी. त्या दिवशीची ती आमची चौथी फेरी होती. ज्या बुडालेल्या खडकांच्या धाकानं एके काळी परकी गलबतं सिंधुदुर्गाच्या जवळ यायला बिचकत, त्याच खडकांच्या कडेला बोट नांगरली होती. पाणी सहा-सात मीटर, तळ स्वच्छ दिसत होता. बोटीवर कोल्हापूरचं एक कुटुंब. मुलगा आणि सून आधीच खाली जाऊन आले होते. आता वडिलांची पाळी. वय साठीच्या आसपास, अंगानं काटक.

काकांना हवेनं फुगणारं, टाकी लावलेलं जॅकेट चढवलं, वेट बेल्ट म्हणजे वजनाचा पट्टा बांधला, शिडीवरून पाण्यात घेतलं. दोरी धरून दोन मीटर खाली गेलो. हाताचा पंजा हलवून त्यांनी खूण केली: काहीतरी बरोबर नाही. मग तोंडाकडे बोट. वर आणलं.

"श्वास जड लागतोय," काका म्हणाले.

बोटीवरून माझा जोडीदार ओरडला, "पहिल्यांदा सगळ्यांनाच तसं वाटतं, काका. घाबरू नका!"

आणि मीही तेच म्हणालो. "घाबरू नका काका, सावकाश ओढा." पुन्हा खाली. पुन्हा तीच खूण, या वेळी जोरात. वर आल्यावर त्यांनी माउथपीस काढला आणि मला सरळ सांगितलं, "मी घाबरलेलो नाही हो. लहानपणापासून पंचगंगेत पोहतोय. ही तुमची नळी हवा देत नाही."

मी त्यांचं गेज, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारं घड्याळ पाहिलं. 190 बार. टाकी भरलेली. मग त्यांचा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं साधन, स्वतःच्या तोंडात घेतला, काट्यावर नजर ठेवली आणि जोरात श्वास ओढला. काटा धाडकन 100 च्या खाली आला. ओढणं थांबवलं तसा पुन्हा सावकाश 190 वर. मी दुसऱ्यांदा ओढला, तो पुन्हा पडला. अंगावर सर्रकन काटा आला. टाकीचा नॉब जेमतेम किलकिला होता.

हे तपासणं माझं रोजचं काम आहे. अकरा वर्षं करतोय, आणि याबाबतीत मी कडक आहे असं सगळे सांगतात. टाकी हातात घेतली की आधी तिच्या तोंडातली काळी ओ-रिंग बघायची. अंगठीएवढी रबराची कडी, पण तिला चीर गेली किंवा खाली वाळूचा कण अडकला की 200 बारची हवा तिथून फुसफुसत निघून जाते. रेग्युलेटर हातानंच आवळायचा, पाना लावायचा नाही. टाकी उघडायच्या आधी माउथपीसमधून हवा ओढून बघायची. तेव्हा काही म्हणजे काही यायला नको. हवा आली तर कुठेतरी पडदा फाटलाय किंवा माउथपीसला भोक पडलंय, आणि आत्ता जिथून हवा येते तिथून खाली पाणी येणार. मग गेजची काच अंगापासून दूर वळवून टाकी हळूहळू उघडायची. रेग्युलेटरचं बटण दाबून थोडी हवा सोडायची आणि तिचा वास घ्यायचा. टाकी भरणारा कॉम्प्रेसर हवा आत घेतो त्या तोंडाशी इंजिनाचा धूर गेला, तर तोच धूर टाकीत भरला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. म्हणून जळक्या तेलाचा जरासुद्धा वास आला तरी ती टाकी बाजूला. जॅकेट फुगवून, हवा कुठून गळतेय का ते ऐकायला कान लावायचा. आणि सगळ्यात शेवटी, काट्याकडे बघत तीन लांब श्वास. काटा हलता कामा नये.

हे तीन श्वास मी काकांच्या टाकीवर घेतले नव्हते. घाई होती. दुसरी बोट जागेसाठी थांबली होती. जोडीदार म्हणाला, "मी बघितलंय, फुल आहे," आणि मी गेजवर नजर टाकून पुढं सरकलो.

गेजनं काही खोटं सांगितलं नव्हतं. नॉब केसभर उघडला तरी नळीत टाकीचा पूर्ण दाब जमा होतो आणि काटा 190 दाखवतो. तिथून पुढं किती हवा वाहू शकते, हे कोणी श्वास ओढेपर्यंत कळत नाही. बोटीवर बसून हलके श्वास घेतले तर सगळं ठीक वाटतं. पण सहा मीटरवर दाब वरच्या दीडपटीहून जास्त असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला टाकीतून तेवढीच जास्त हवा लागते. त्यात टाकी रिकामी होत जाते तशी त्या फटीतून येणारी हवा आणखी कमी होते. म्हणजे हा बिघाड उथळ पाण्यात लपतो आणि खोलात उघडा पडतो. माझ्याकडे जादा रेग्युलेटर होता, मी तो दिला असता. पण हवा तुटलेला नवखा माणूस ते बघायला थांबत नाही. तो श्वास कोंडून वर झेपावतो, आणि वर येताना फुप्फुसातली कोंडलेली हवा फुगत जाते. तेवढ्यानं फुप्फुस फाटू शकतं, अगदी दोन मीटरवरूनसुद्धा.

काकांना बोटीत घेतलं. दुसरी टाकी लावली, सगळं पहिल्यापासून तपासलं आणि त्यांनाच गेज धरायला देऊन तीन श्वास घेऊन दाखवले. ते न कुरकुरता उतरले, वीस मिनिटं खाली राहिले. वर येऊन हसत होते. मी मात्र त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. किनाऱ्यावर उतरताना माफी मागितली. ते म्हणाले, "दुसऱ्यांदा सांगावं लागलं बघा."

संध्याकाळी बोटीवरच्या पोरग्याला विचारलं. तो रडकुंडीला आला. "दादा, मी पुरी खोललंय, शपथ." मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही, आजही वाटत नाही. जोडीदार म्हणाला, "मी फक्त खात्री केली." कशी, ते विचारल्यावर त्यानं करून दाखवलं. काका बाकावर बसलेले, टाकी त्यांच्या पाठीला, नॉब उजव्या खांद्यामागे. हा समोरून वाकला आणि खांद्यावरून हात घातला. समोरून हात घातला की डावं-उजवं उलटं होतं. उघडायचा म्हणून त्यानं नॉब टेकेपर्यंत फिरवला आणि रिवाजाप्रमाणे पाव फेरा मागं आणला. तो टेकला होता बंद बाजूला. पोरग्यानं पूर्ण उघडलेली टाकी यानं पूर्ण बंद करून पाव फेरा उघडली.

हा पाव फेरा मागं आणायचा रिवाज जुना आहे. पूर्वीचे नॉब पूर्ण उघडून ठेवले की अडकायचे, म्हणून तो पडला. आताच्या नॉबना त्याची गरज नाही, आणि पुष्कळ ठिकाणी आता पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद एवढंच शिकवतात. आमच्या बोटीवर तो रिवाज सुरू होता, कारण जोडीदाराला आणि पोरग्याला दोघांनाही तो मी शिकवला होता. मला माझ्या गुरूनं शिकवला म्हणून.

पाव फेरा त्याच रात्री बंद केला. ते सोपं होतं. पण "घाबरू नका" हे शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले याचं काय करू? गेज, पोरगा, जोडीदार, मी, सगळे सांगत होतो की टाकी ठीक आहे. खरं एकट्या काकांना कळलं होतं, आणि नवखे म्हणून आम्ही त्यांचं ऐकलं नाही. या धंद्यात आम्ही दिवसाला वीस-वीस वेळा हे दोन शब्द म्हणतो. त्यातल्या किती जणांचं खरं होतं, हा विचार झोपू देत नाही. जोडीदार म्हणतो, "झालं नाही ना काही, सोड आता." तो माणूस वाईट नाही, पोहण्यात माझ्याहून सरस आहे. पण त्याचं हे वाक्य मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत पुण्याची एक मुलगी होती. पाण्यात उतरताच तिनं माझा दंड घट्ट धरला. ओठ थरथरत होते. "दादा, मला श्वासच घेता येत नाहीये." ती घाबरली होती हे कुणालाही दिसलं असतं. मी तिचा रेग्युलेटर तोंडात घेतला, गेज डोळ्यांसमोर धरलं आणि तीन लांब श्वास घेतले. काटा 200 वर स्थिर होता. मग तिला म्हणालो, "घाबरू नकोस."