अडीचशे डॉलरची नोकरी

अमेरिकेतली नामवंत महिला बास्केटबॉल प्रशिक्षक पॅट समिट १९७४ साली नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठात आली ती पदव्युत्तर शिक्षण घ्यायला. जोडीला मुलींच्या बास्केटबॉल संघाची सहायक प्रशिक्षक म्हणून काम करायचं, एवढंच ठरलं होतं. पण मुख्य प्रशिक्षक बाई रजेवर गेल्या आणि अख्खा संघ या २२ वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडला. संघातल्या काही मुली तिच्याहून जेमतेम वर्षभराने लहान. पगार महिन्याला २५० डॉलर. त्या पैशांत सराव घ्यायचा, शारीरिक शिक्षणाचे तास घ्यायचे, स्वतःचा अभ्यास उरकायचा, मुलींच्या जर्सी धुवायच्या आणि बाहेरगावी सामना असला की व्हॅनही आपणच चालवायची. एकदा तर सामन्याच्या आदल्या रात्री सगळ्या जणी समोरच्या संघाच्याच जिममध्ये मॅट टाकून झोपल्या. पहिला सामना मर्सर विद्यापीठाशी झाला, तो ८४-८३ असा एका गुणाने गेला.

मी स्वतः कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. मानधन वर्ष संपल्यावर मिळणार, टीए-डीएची बिलं तीनदा परत येणार, जर्सी कुणाच्या घरी धुवायच्या यावर चर्चा होणार, रात्रीची शेवटची एसटी चुकू नये म्हणून बक्षीस समारंभ अर्धवट सोडावा लागणार, हे सगळं आमच्याकडे मुलींचा संघ चालवणाऱ्या प्रत्येकीला पाठ आहे. पॅटचं नाव निघालं की लोक १०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं सांगतात. ते आकडे मोठे आहेतच. पण ज्या कामाला कुणी धड नोकरीही मानत नव्हतं ते तिने एकाच विद्यापीठात ३८ मोसम केलं आणि त्याचा पेशा करून दाखवला, याचं मला जास्त अप्रूप आहे.

ती शेतकऱ्याच्या घरची. तंबाखू, गवत कापणी, गाईंच्या धारा, सगळं केलेलं. गवताच्या माळ्यावर बास्केट लावलेली होती, तिथे ती तीन थोरल्या भावांबरोबर खेळायची. वडील फार कडक, कौतुकाचा शब्द तोंडातून निघायचा नाही. पण गावच्या शाळेत मुलींचा संघ नाही म्हटल्यावर याच माणसाने पोरीला खेळता यावं म्हणून बिऱ्हाड शेजारच्या कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हलवलं. पुढे कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिचा गुडघा गेला. तरी ती १९७६च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळली आणि रौप्यपदक घेऊन आली. म्हणजे प्रशिक्षक म्हणून दोन मोसम झाल्यावर, दुखावलेल्या गुडघ्यानिशी, स्वतः खेळाडू म्हणून. नंतर १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेच्या महिलांना सुवर्णपदक मिळालं, तेव्हा संघाची प्रशिक्षक तीच होती.

आता ज्या भागावर फार कुणी बोलत नाही, तो सांगते. त्या काळी टेनेसीच्या शाळांमध्ये मुली सहा-सहा जणींचा बास्केटबॉल खेळत. तिघी आक्रमणाच्या, तिघी बचावाच्या आणि कोर्टच्या मधली रेघ कुणीही ओलांडायची नाही. पॅट स्वतः शाळेत असाच खेळ खेळलेली. बचावातली मुलगी शाळेची सगळी वर्षं संघात राहिली तरी सामन्यात बास्केटकडे चेंडू टाकायची तिच्यावर वेळच यायची नाही. या नियमामागचा जुना विचार असा, की पूर्ण कोर्ट धावणं मुलींच्या प्रकृतीला झेपत नाही. कॉलेजात मात्र पाच-पाच जणींचा खेळ. त्यामुळे बचावातल्या मुलींना कॉलेजची शिष्यवृत्ती मिळणं अवघड. जिला शूटिंग येतं का हे कुणी पाहिलंच नाही, तिला घेणार कोण? १९७६ साली ओक रिज गावच्या एका शाळकरी मुलीने या नियमाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. खालच्या न्यायालयात ती जिंकली, वरच्या न्यायालयात हरली. पॅट तिच्या बाजूने उभी राहिली आणि तिने सरळ जाहीर केलं, की नियम बदलला नाही तर मी या राज्यातल्या मुली घेणार नाही. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात, नुकतंच बस्तान बसत असलेल्या बाईने हे म्हणायचं! १९७९मध्ये नियम बदलला. एखाद्या विजेतेपदाइतकंच वजन मी या गोष्टीला देते. त्या बदलाने टेनेसीतल्या प्रत्येक शाळेतली प्रत्येक मुलगी पूर्ण कोर्टवर धावायला लागली, त्यातल्या बहुतेकींचा पॅटशी कधी संबंधही आला नसेल.

अर्थात १९७२चा 'टायटल नाइन' कायदा पाठीशी होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं त्याने सांगितलं. पण कायदा झाला म्हणून प्रेक्षक येत नाहीत. ते तिने सामन्यागणिक जमवले.

आणि ती कडक होती. तिच्या रोखून बघण्याची दहशत खेळाडू अजून सांगतात. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं आणि तास बुडवायचा नाही, हा नियम. खेळण्याची सगळी वर्षं पूर्ण केलेली तिची एकूण एक खेळाडू पदवीधर झाली, हे मी आमच्या स्टाफरूममध्ये अनेकदा ऐकवलं आहे, कारण 'खेळणाऱ्या मुली अभ्यासात मागे पडतात' हे तिथे अजूनही बिनदिक्कत बोललं जातं. सुरुवातीच्या वर्षांत मुली रात्री पार्टीला गेल्याचं कळल्यावर तिने कोर्टच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवले आणि उलटी होईस्तोवर पळवलं, अशीही एक गोष्ट सांगतात. ही शिक्षा मला पटत नाही. शिक्षा म्हणून पळवलेली मुलगी पळण्यालाच शिक्षा समजू लागते, हे मी पाहिलेलं आहे.

पण ती स्वतःला बदलतही गेली. १९९६-९७चा मोसम घ्या. टेनेसी तब्बल १० सामने हरली. असा संघ राष्ट्रीय स्पर्धेतून लवकर बाहेर पडणार, असंच कुणीही म्हणालं असतं. त्या संघाने तोवर एकही सामना न हरलेल्या कनेक्टिकट विद्यापीठाला घरी पाठवलं, अंतिम फेरीत ओल्ड डोमिनियन विद्यापीठाला ६८-५९ हरवलं आणि विजेतेपद राखलं. पुढच्या मोसमात ३९ पैकी ३९ सामने जिंकले. शमीक होल्ड्सक्लॉ आणि टमिका कॅचिंग्ज या दोन नामवंत खेळाडू एकाच संघात, त्यामुळे ३९-० चं सगळे बोलतात. मी माझ्या मुलींना सांगते ते १० पराभवांचं.

विद्यापीठाने तिला पुरुषांच्या संघाबद्दलही विचारून पाहिलं होतं. ती गेली नाही. मुलींकडून मुलांकडे जाणं ही बढती कशी काय, असा तिचा प्रश्न होता. २००६मध्ये तिचा वर्षाचा करार १० लाख डॉलरच्या पुढे गेला. महिला बास्केटबॉलमध्ये तोवर एवढा पैसा कुठल्याही प्रशिक्षकाला मिळाला नव्हता. पैशाचं बोलणं आपल्याकडे हलकं समजतात, विशेषतः बाईने केलं तर. मला मात्र हा आकडा मोठ्याने सांगावासा वाटतो.

ऑगस्ट २०११मध्ये, ५९व्या वर्षी, तिने आपल्याला अल्झायमर झाल्याचं स्वतःच जाहीर केलं आणि आणखी एक मोसम संघाबरोबर राहिली. बरीचशी सूत्रं जुनी सहकारी हॉली वॉर्लिकने सांभाळली. ही हॉलीसुद्धा तिचीच खेळाडू. शेवटचा सामना बेलर विद्यापीठाशी झाला आणि टेनेसी हरली. बेलरची तेव्हाची प्रशिक्षक किम मल्की, १९८४ला पॅटच्याच हाताखाली सुवर्ण जिंकलेली. पॅट २८ जून २०१६ रोजी गेली.

तिची एक पद्धत मी आमच्याकडे सुरू केली आहे. तिच्या सरावात मुलींसमोर मुलगे खेळायला असत, रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडायला, उंच उडणारे आणि अंगाने भारी. आता शनिवारी आमच्या मुलांच्या संघातले काही जण येतात. सुरुवातीला ते संकोचाने हात आखडून खेळायचे, मी खेळ थांबवून त्यांनाच झापलं. मग आमच्या पॉइंट गार्डला, म्हणजे चाली रचणाऱ्या मुलीला, एका स्क्रीनवर, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या मुलाचा, असा खांदा बसला की ती खाली बसली. उठली, कोपर चोळलं आणि पुढच्याच चालीत त्याच मुलाच्या हातातून चेंडू काढून घेतला. एका सहकारी शिक्षकांनी काळजीने विचारलं, "मॅडम, मुलींना लागलं तर?" मी म्हटलं, "लागेल सर, फर्स्ट एडची पेटी आणून ठेवली आहे." विभागीय स्पर्धेपर्यंत शनिवार चालू राहणार आहेत.