खाडीची ओहोटी आणि येरळवाडीचं पाणी

गेल्या हिवाळ्यातली ठाणे खाडीची फेरी वाया गेली होती. साताऱ्याहून अंधारात निघून ऐरोलीला पोचलो तेव्हा पाणी पार आत गेलेलं. समोर नुसता चिखल आणि त्याच्या पल्याड एक गुलाबी रेघ. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो होते, पण लहान रोहित की मोठा रोहित, एवढी जातही ठरवता आली नाही. यंदा भरती बघून गेलो.

भरतीचा हिशेब तिथल्या एका होडीवाल्या दादांनी शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, की मुंबईच्या भरतीची वेळ निघते. आमचा दिवस माघ शुद्ध तृतीयेचा, म्हणजे तीन पाऊणे सव्वादोन. अष्टमीला सहा. हा अंदाज झाला, मिनिटाचं गणित नव्हे. शिवाय खाडीत आतपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. घरच्या कॅलेंडरवर चतुर्थी-एकादशी रोज बघतो, पण त्यात समुद्राचं घड्याळ आहे हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. अमावास्येनंतरचे दिवस, त्यामुळे उधाणही चांगलं होतं.

होडी भरतीला सुटली. दोन्ही बाजूंना तिवरांच्या फक्त शेंड्यांची रांग. ठाणे खाडीचं हे फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. क्षेत्र साधारण 17 चौरस किलोमीटर. पाणी वर असताना पक्षी कडेला दाटीवाटीने थांबलेले असतात. खरी गंमत पाणी उतरायला लागल्यावर. आधी हातभर चिखल उघडा पडतो आणि त्यावर टिलवे, म्हणजे चिखलात टिपणारे चिमुकले पक्षी उतरतात. शेकाट्या लांब पायांच्या जोरावर पाण्यातच पुढे सरकतो. वर वळलेल्या चोचीचा उचाट्या चोच आडवी फिरवत चालतो. ज्याची जेवढी टांग, तेवढी त्याची खोली, आणि पाण्याची कड हलली की सगळी पंगतच हलते.

रोहितांजवळ होडी थांबवून दादांनी इंजिन बंद केलं. अर्धा तास फक्त चोची बघितल्या. मोठ्या रोहितची चोच फिकी गुलाबी, टोक काळं. लहान रोहितची जवळजवळ सगळी गडद. पण लांबून जास्त कामाला आली ती चरण्याची रीत: लहान रोहित पाण्याच्या वरच्या थरातलं शेवाळ गाळतो, त्यामुळे डोकं पृष्ठभागालगत डावी-उजवीकडे फिरतं; मोठा मान खोल बुडवून तळ ढवळतो, त्याला किडे-शिंपले हवे असतात. करडी पिल्लं दोन्हीकडे होती, त्यांच्यात रंगावर विसंबू नका. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण न्यायची चूक आम्ही केली, होडीच्या हेलकाव्यात त्याचा काडीचा उपयोग नाही. 8×42 ची दुर्बीण पुरली.

दिवसाची यादी 34 जातींची. माझ्यासाठी नवीन तीन: लहान रोहित, उचाट्या आणि कर्ल्यू सँडपायपर. तिसऱ्याबद्दल सोबतच्या अण्णांना शंका होती, म्हणून उडताना शेपटीवरचा पांढरा पट्टा दिसेपर्यंत नोंद केली नाही.

पुढच्या रविवारी येरळवाडीच्या धरणावर गेलो. खटाव तालुक्यात वाढलेल्या माणसाला हे पाणी नवं नाही, तरी यावेळी वेगळं दिसलं. लांबच्या थव्यातले बारा रोहित सगळे माना बुडवून चरत होते, मोठेच. मागच्या वर्षी मी याच थव्यासमोर तासभर वाद घातला होता. काठावरच्या टिलव्यांचे पाय आता आपोआप बघितले गेले. खाडीतले छोटे टिलवे काळ्या पायांचे; इथे दोघांचे पाय पिवळट-हिरवे, म्हणजे टेमिंकचा टिलवा. गेल्या तीन वर्षांच्या माझ्या वहीत टेमिंक एकदाही नाही. तो आला नसेल असं मला वाटत नाही, मी पाय बघितले नव्हते.

मग कडेला बसल्यावर सुचलं की इथेही ओहोटी आहेच. खाडीत सहा तासांत उतरणारं पाणी इथे पिकांना सोडत-सोडत जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत उतरतं. चिखल उघडा पडेल तसे पाणकाठचे पक्षी येतात, पाणी राहिलं तर धनवर आणि चक्रवाक ही बदकं टिकतात. इतकी वर्षं मी पक्ष्यांची संख्या लिहिली, पाण्याची कड कुठे होती ते कधीच लिहिलं नाही. त्यामुळे एखाद्या फेब्रुवारीत टिलवे कमी का होते, हे माझ्या वहीला सांगता येत नाही.

आता उतारावर पंधरा-पंधरा पावलांवर पाच दगड मांडून त्यांना चुन्याचे आकडे टाकलेत. मायणीच्या तलावावरही तसंच करायचंय, तिथे चांद नदीच्या बाजूचा उतार सपाट आहे का ते आधी बघावं लागेल. येरळवाडीची पहिली नोंद: पाणी दगड 2 च्या जरा वर, चिखल रुंद, टिलवे 41, त्यांतले टेमिंक 2, शेकाट्या 18, रोहित 12.