ऐकायची वही, पावसाळा ते दिवाळी: निवेदकाच्या मागावर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय, पण ऐकणं थांबलं नव्हतं, उलट वाढलंच. मागच्या खेपेला ठरवलं होतं की नुसतं "काय ऐकलं, आवडलं की नाही" असं लिहायचं नाही, एकच गोष्ट धरून ऐकायचं. ती गोष्ट म्हणजे निवेदक. गोष्ट सांगणारा माणूस गोष्टीत कुठे उभा असतो, कधी तोंड उघडतो, कधी गप्प बसतो, आणि तो नसला तर त्याचं काम कोण करतं. श्रुतिका म्हणजे रेडिओवरची नाटकं, कीर्तन, कथाकथन, ओटीटीवरच्या सिरीज, आणि कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला (त्यावर जास्त लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते).

श्रुतिकांपासून सुरू करते. न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर आकाशवाणीची केंद्रं लाइव्ह लागतात हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, आधी ते टाका फोनमध्ये. विविध भारतीवरचा हवामहल हा छोट्या नाटिकांचा कार्यक्रम हिंदीत असला तरी थोडक्या वेळात गोष्ट कशी उभी करायची याचा अभ्यास म्हणून सोडू नका. पहिल्या मिनिटात कळायला लागतं की हे लिहिणाऱ्याला कानाची जाण आहे की त्याने स्टेजचं नाटक तसंच उचलून माईकपुढे ठेवलंय. तसं ठेवलेलं असलं की पात्रं एकमेकांना सांगत बसतात, "अरे, तू तर हातात काठी घेऊन दारात उभा आहेस!" कोण बोलतं असं? निवेदकाला काढलं आणि त्याची वाक्यं पात्रांच्या तोंडी कोंबली, दुसरं काय.

आमच्या शेजारचे काका मुंबई केंद्रावरची 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिकांची मालिका न चुकता ऐकायचे. प्रभाकरपंत, मीनावहिनी, टेकाडे भावजी, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर. मी काकांना विचारलं की ते घर तुम्हाला कसं दिसायचं, तर त्यांनी आतली खोली कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं इथपर्यंत सांगितलं आणि मग स्वतःच म्हणाले, "पण हे मला कुणी सांगितलं गं?" कुणीच नाही सांगितलं काका! माईकपासून लांब जाऊन मारलेली हाक, जवळ येत जाणारा आवाज, कपबशीची किणकिण, एवढ्यावर ऐकणारा माणूस अख्खं घर बांधतो आणि ते घर त्याचं एकट्याचं असतं म्हणून इतकी वर्षं टिकतं. मला तरी श्रुतिकेतलं सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं.

यावरून आठवलं, खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून ज्याचं नाव घेतात ते रिचर्ड ह्यूजचं नाटक बीबीसीने १५ जानेवारी १९२४ ला लावलं होतं. जागा कुठली, तर वेल्समधली कोळशाची खाण, आणि तिथले दिवे जातात. म्हणजे पात्रांनाही काही दिसत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही, दोघं एकाच अंधारात. निवेदकाची गरजच मुळातून संपवली त्या माणसाने, आणि तीही रेडिओ अगदी नवा असताना. इतकी वर्षं झाली तरी मला यापेक्षा चोख उत्तर सापडलेलं नाही.

आता आमची स्वतःची श्रुतिका. आम्ही तिघी मिळून एसटी स्टँडवरची एक छोटी गोष्ट बसवतोय हे मागे लिहिलं होतं. पहिल्या खर्ड्यात सुरुवातीला निवेदन होतं, रात्रीची वेळ, स्टँड रिकामा, तिची गाडी चुकलेली वगैरे. आता ते पूर्ण काढलंय. त्याजागी लांबून जाणारी गाडी, गिअर बदलल्याचा आवाज, मग कुठल्यातरी टपरीचं शटर खाली, आणि टपरीवाला म्हणतो, "ताई, शेवटची गेली." एवढंच. वेळ, जागा, अडचण, सगळं त्या तीन शब्दांत आलं. मैत्रिणीच्या आईला काही न सांगता ऐकवलं तर त्या लगेच म्हणाल्या, "अगंबाई, आता ही रात्रभर कुठे राहणार?" मला याहून मोठा रिझल्ट नको.

रेकॉर्डिंगबद्दल विचारलं होतं काही जणांनी, थोडक्यात सांगते. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो म्हणून भिंतीला गाद्या उभ्या करायच्या आणि डोक्यावरून जाड गोधडी घ्यायची, उकडतं पण आवाज कोरडा मिळतो. माईक तोंडाच्या अगदी समोर न धरता जरा बाजूला धरा नाहीतर प, फ, भ आला की फुर्रकन हवा लागते. एडिटिंग ऑडॅसिटीवर, फुकट आहे आणि पुरेसं आहे. आगीच्या आवाजाला सेलोफेनचा कागद चुरगाळायचा, घोड्याच्या टापांना करवंटीची दोन भकलं, हे जुने रेडिओवाले करायचे ते आजही चालतं, फक्त एकच की आवाज कमी ठेवा, आपल्याला हौस असते म्हणून आपण इफेक्ट मोठा लावतो.

पिंगुळी. कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचं, तिथून जवळ. ठाकर समाजातल्या लोकांनी ही कला धरून ठेवलीय, पूर्वी सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय होता. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरांत आलं होतं, त्यांनी २००६ मध्ये घरच्या गुरांच्या गोठ्यातच ठाकर आदिवासी कला आंगण हे म्युझियम सुरू केलं. तिथे चित्रकथीबरोबर कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही आहे, पण मी गेले होते चित्रकथीसाठी.

कागदावरची चित्रं, रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची, एका कथेचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. चित्रातली माणसं बहुतेक एका बाजूने दिसणारी, डोळे मोठे, एकमेकांकडे रोखलेले. सांगणारा चित्र समोर उभं धरतो, गातो, बोलतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक, म्हणजे हातात मावणारं छोटं चर्मवाद्य. प्रसंग संपला की चित्र खाली जातं आणि पुढचं येतं. मी अगदी जवळ बसून बघत होते ते सांगणाऱ्याकडेच. तो आधी चित्राबद्दल सांगतो, म्हणजे निवेदक असतो, मग बोलता बोलता आवाज फिरतो आणि तो चित्रातलंच पात्र होतो, लगेच दुसरं पात्र, आणि हुडुकावर थाप पडली की परत बाहेर येऊन आपल्याशी बोलायला लागतो. चित्र हलत नाही. हलतो तो आवाज, आणि त्याच्यामुळे मला खरंच असं वाटत होतं की त्या मोठ्या डोळ्यांची नजर बदलली. दोन चित्रांच्या मधली जी जागा आहे ना, एक खाली जातंय आणि दुसरं अजून वर आलेलं नाही, तिथे फक्त वाद्य वाजतं आणि आपण मनात पुढचं चित्र काढून मोकळे झालेलो असतो. मी त्या जागेसाठी परत जाणार आहे.

जपानमध्ये मूकपटांच्या काळात बेन्शी असायचे, पडद्याच्या बाजूला उभं राहून सगळ्या पात्रांचे आवाज काढणारे आणि गोष्ट समजावून सांगणारे. लोक नटापेक्षा बेन्शी कोण आहे ते बघून तिकीट काढायचे असं वाचलं तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, पिंगुळीनंतर अजिबात वाटत नाही.

आणि हाच माणूस मला पुन्हा भेटला तो ओटीटीवर! दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शनचा ट्रॅक असतो, भाषेच्या मेनूत जाऊन लावता येतो, सगळ्या सिरीजना नसतो पण शोधला तर सापडतो. मी पडदा उलटा करून नुसता तो ट्रॅक लावून एक अख्खी सिरीज ऐकली. दोन संवादांच्या मधे जी फट असते तेवढ्यातच सांगणाऱ्याला बोलायचं असतं, कधी चार शब्द, कधी दोन. "ती पत्र फाडते." पुढे लगेच संवाद. काय गाळायचं याचा इतका कडक निर्णय मी लिखाणात कुठे बघितलेला नाही. मार्च २०२४ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने थिएटरमधल्या सिनेमांसाठीही याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात, मराठी सिनेमांना हे ट्रॅक नीट, प्रेमाने लिहिलेले मिळावेत अशी मला मनापासून इच्छा आहे, आणि ते लिहायला श्रुतिका लिहिणारी माणसं घ्यावीत, कारण त्यांना फट दिसते. आपल्यापैकी ज्यांना दिसत नाही त्यांनी कृपया लिहा की तुम्हाला कुठला ट्रॅक चांगला वाटला, माझं ऐकणं शेवटी पाहुण्याचं आहे.

कथाकथनाचं काम मात्र वेगळंच. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव एकत्र कार्यक्रम केले, त्यातलं मिरासदारांचं रेकॉर्डिंग यावेळी नीट लक्ष देऊन ऐकलं, हातात छापील कथा घेऊन. छापलेलं "तो म्हणाला" बोलताना बऱ्याच ठिकाणी गळून जातं, कारण आवाजाचा ढंग बदलला की कोण बोलतंय ते कळलेलंच असतं. आणि हशा! हशा येतो तेव्हा ते थांबतात, पण पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य सोडतात, त्यामुळे लोक गप्प होऊन पुढे वाकतात. हे स्टुडिओत एकट्याने बसून जमणार नाही, समोर माणसं लागतातच.

नारदीय कीर्तनात तर निवेदकाला उभं राहायला सगळ्यात जास्त जागा. पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, अभंगावर निरूपण, मधे नामजप, मग उत्तररंगात, म्हणजे दुसऱ्या भागात, आख्यान. पुण्यात सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात बसून ऐकताना मी फक्त एवढंच टिपत होते की बुवा बोलता बोलता गायला कधी लागतात. गोष्ट पुढे न्यायची असली की बोलणं, आणि ज्या क्षणी पात्राचं मन भरून आलंय तिथे साकी किंवा दिंडी या चालीतलं पद, पेटीवाला सूर आधीच धरून बसलेला. लढाईची धावपळ आली की कटाव, म्हणजे भराभर म्हणायची रचना, एका श्वासात. म्हणजे गाणं सजावटीला नाहीये, निवेदकाने जिथे बाजूला व्हायला हवं तिथे तो गाण्याला पुढे करतो. हे समजल्यावर आमच्या स्टँडच्या श्रुतिकेत ती बाई एकटी बाकावर बसते तिथे आम्ही संवाद काढून टाकले आणि तिला जात्यावरची ओवी गुणगुणायला लावली, आईकडून ऐकलेली, अर्धवट आठवणारी. माझ्या मते आता तो भाग सगळ्यात चांगला झालाय.

दशावतार, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, राहिला. जत्रेत रात्रभर बसायची तयारी आहे, लेखी संहिता नसताना मंडळी संवाद जागेवर रचतात आणि एका बाकड्याचं सिंहासन करतात, तिथे निवेदकाचं काय होतं ते मला बघायचंय. कुडाळ-सावंतवाडीकडच्या लोकांनी सांगा, मोसम सुरू झाला की कुठल्या जत्रेला येऊ, आणि पुढे बसायला जागा मिळायची तर किती वाजता पोचावं लागेल.