हवाबंद पिशवी आणि ओलं धान्य
आजचा अख्खा दिवस धान्य साठवणुकीच्या प्रशिक्षणात गेला. बियाणं-खतांवर प्रकल्पांचा भरपूर पैसा जातो, काढणीनंतरचं मात्र कुणी विचारत नाही. हवाबंद पिशव्या वाटल्या की काम झालं, असं नसतं. धान्य ओलं असेल तर आत बुरशी धरतेच. ओल मोजायचा मीटर नसला तरी चालतं. कोरड्या काचेच्या बरणीत धान्य घ्या, चमचाभर कोरडं मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण १५ टक्क्यांच्या वर. परत उन्हात! पिशवी गच्च भरून, हवा दाबून काढून, तोंड पिळून, दुमडून बांधायचं. आतला ऑक्सिजन संपत आला की धान्यातले सोंडे किडे मरतात. दर आठवड्याला पिशवी उघडणाऱ्याचे मात्र मरत नाहीत. आणि उंदरानं एक भोक पाडलं की सगळं मुसळ केरात, म्हणून पिशव्या फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.